मडगार्डचे चार बोल्ट

अंकाला कविता पाठव असा निरोप आला होता. कविता नाही. गेले दोन रविवार मी गाडीखाली झोपून होतो. ते लिहितो.

गाडी राजदूत. आण्णांची, म्हणजे माझ्या बापाची. २००८ साली इचलकरंजीत एका दूधवाल्याकडनं घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. कंपनीनं ही गाडी बनवायचं केव्हाच बंद केलं. पेट्रोलात ऑईल मिसळायचं, धूर सोडायचा, फटफटत जायचं. दूधवाल्यानं किटल्या लादलादून तिचं मागचं अंग खिळखिळं केलेलं. आण्णा २०२१ च्या एप्रिलात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मागं आज्जी, मी, भाड्याची खोली आणि ही गाडी. आणि गाडीच्या मागच्या मडगार्डवर त्यांनी स्वतः ब्रशनं काढलेली निळी अक्षरं. जय भीम. वेलांटी वाकडी, ‘म’ जागा न पुरल्यामुळं चेपलेला. पेंटरला द्यायला पैसे नव्हते असं नाही. त्यांना ते आपल्या हातानंच काढायचं होतं.

गावाकडं गेलो की पारावरचा एकजण म्हणायचा, "मागं कशाला लिवलंय? मागनं येणाऱ्याला वाचतच यायला लागतंय."

आण्णा हसायचे. "म्हणूनच लिवलंय."

तर हे मडगार्ड वाजत होतं. किती वर्षं कोण जाणे. चालती गाडी वाजणारच, असं धरून मी चाललो होतो. कारखान्यात बारा तास माग चालवणाऱ्याला मडगार्डचा आवाज काय ऐकू येणार? एक दिवस रातपाळी करून येताना रबर जळाल्याचा वास आला. उतरून बघतो तर डावीकडचा बोल्ट पडून गेलेला, मडगार्ड त्या बाजूनं खाली बसलेलं आणि टायरला घासतंय. आणखी थोडं खाली आलं असतं तर चाक जाम झालं असतं. मग हे लिहायला मी नसतो.

गॅरेजवाल्यानं बघितलं. बोल्टच्या भोकापासून एक चीर निघून पत्र्यात वर गेलेली. ‘ज’पासून दोन बोटं लांब थांबलेली. तो म्हणाला, वेल्डिंग मारतो, पण ते लिहिलंय ते जळणार. नाहीतर जुन्या बाजारातनं दुसरं मडगार्ड आण. आणि ते जे लिहिलंय त्याचं स्टिकर मिळतं की. चारदा ‘ते लिहिलंय ते’ म्हणाला. ते दोन शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. मी भांडलो नाही. गाडी ढकलत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी आमच्या जॉबरमामांना विचारलं. मामा म्हणाले, "चीर बघू नको, बोल्ट बघ. बोल्ट ढिला म्हणून पत्रा नाचतो, नाचतो म्हणून फाटतो. मागाचं न्हाई का तसंच?" खरं होतं. रोज सकाळी मागाचे नट चाचपून बघणारा मी, बापाच्या गाडीला मात्र कधी पाना लावला नव्हता. आपल्या मोर्च्याला गाड्यांची रांग लागते, झेंडे नवे कोरे असतात. खाली वाकून कोण बघतं? मीही नाही बघितलं.

पहिल्या रविवारी बोल्ट काढले. आदल्या रात्री त्यांच्यावर डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी दोनच सरळ सुटले. तिसऱ्याची टोपी तुटून हातात आली, तो हेक्सॉनं कापला. चौथा तर पडूनच गेला होता. निघालेल्या बोल्टांचे आटे खाऊन मधे बारीक झालेले. पत्रा आणि चेसिसच्या मधलं रबर वाळून चुरा झालेलं. खरा दोष तिथं होता. रबर गेलं की इंजिनाचा हादरा सरळ पत्र्याला बसतो. भोकं गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी लांबट झाली होती.

रबराच्या जागी काय घालायचं? मामांनी कारखान्याच्या अडगळीतनं जुना पिकर काढून दिला. "ह्याचं वायसर काप. म्हशीचं कातडं हाय, मरत न्हाई." पिकर म्हणजे मागावर धोट्याला तडाखा देणारा ठोकळा. आता बहुतेक प्लॅस्टिकचे येतात. हा जुना होता.

मी तो घरी आणला. आज्जीनं हातात घेतला, नाकाला लावला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. म्हणाली, "तुझ्या आज्जानं मेलेलं वढायचं सोडलं, तवा गावानं चार म्हैनं दळण बंद केलं हुतं. ह्ये परत घरात न्हाई."

मी बोलायला तोंड उघडलं. बैठकीत बोलतो तसं. वस्तूला जात नसते, वगैरे. पण बोललो नाही. मला तो धोटा आठवला. धोट्याच्या भोकातनं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हीच गोष्ट पुढं मांडली. म्हणजे त्या मागांवर म्हशीचं कातडं चालत होतं, आमचं तोंड चालत नव्हतं. आज मी माग चालवतो. आणि आज्जीला कातडं चालत नाही. ह्यातलं बरोबर कोण, ह्याचा हिशोब माझा अजून लागलेला नाही. पिकर मामांना परत दिला. कातडं पाणी धरून ठेवतं, लोखंड गंजतं, असं त्यांना सांगितलं. तेही खोटं नाही. पण कारण ते नव्हतं.

ट्रकची जुनी ट्यूब मिळाली. तिचे दुहेरी गोल कापले.

दुसरा रविवार. आधी चिरेचं टोक शोधलं, अगदी टोकाला बारीक ड्रिलनं भोक पाडलं. चीर गोल भोकाला येऊन थांबते, पुढं सरकत नाही. ड्रिल शेजाऱ्याचं. धरताना हात कापत होता, घसरलं असतं तर ‘ज’ गेला असता. मग चार नवे बोल्ट, दहा नंबरच्या पान्याचे. लांबट भोकावर साधं वायसर आत शिरतं, म्हणून रुंद काठाची घेतली, पत्र्याच्या दोन्ही अंगाला एकेक. बोल्टची टोपी टायरकडं आणि नट बाहेर. उलटं घातलं तर बोल्टचं शेपूट टायर कापतं. नट नायलॉनच्या कड्याचे, हादऱ्यानं सहजी न सुटणारे. चारही आधी हातानं लावले, मडगार्डला नीट बसू दिलं, मग थोडं थोडं आलटूनपालटून आवळलं. रबर किंचित फुगेपर्यंत. त्यापुढं जोर केला की रबर मरतं आणि पत्रा परत फाटतो. सगळं मिळून नव्वद रुपये आणि एक तुटलेलं नख.

मग शेजारच्या दोन पोरांना सीटवर बसवून चाक फिरवून बघितलं. घासत नव्हतं.

आठवड्यानं परत पाना लावला. डावीकडचा पाव फेरा फिरला, तो आवळला. आज्जीला मागं बसवून बुद्धविहाराकडं निघालो. नाक्यापर्यंत ती काही बोलली नाही. मग पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता वाजत न्हाई व्हय रं? आण्णा यायचा तवा वळणावरच कळायचं. मी च्या ठेवायची."