साधी काच

मराठी भाषेने माणसाच्या एका वयाला आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या वस्तूला एकच नाव देऊन ठेवले आहे. इतर भाषांतले लोक या सुमारास चष्मा घेतात. आपल्याला मात्र चाळिशी ‘लागते’. तहान लागावी, ठेच लागावी, दृष्ट लागावी, तशी. आपण काही करायला जात नाही. तीच येऊन लागते. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होत जाते, जवळचे पाहण्यासाठी त्याने जितके फुगायला हवे तितके ते फुगेनासे होते, आणि मग पुस्तक हळूहळू डोळ्यांपासून दूर जाऊ लागते. एक दिवस असा उगवतो की पुस्तक आणखी दूर न्यायला हातच पुरत नाही. माझ्या बाबतीत हा दिवस हजेरीपटाने आणला. ‘साने’ आणि ‘माने’ यांतला भेद मला आवाजावरून करावा लागू लागला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने मला लक्ष्मी रस्त्यावरच्या एका चष्म्याच्या दुकानात नेऊन बसवले.

‘नेऊन बसवले’ हे शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. हल्लीच्या अशा दुकानात उभे राहायला जागा नसते. बसायला मऊ खुर्ची, प्यायला पाणी आणि समोर आरसा असतो. दारावर ‘डोळ्यांची तपासणी मोफत’ अशी पाटी होती. आत एका यंत्राच्या तोंडाला डोळा लावला, तर त्यात लांबलचक रस्ता आणि त्याच्या टोकाला एक रंगीत फुगा दिसला. हा फुगा आधी अंधूक आणि मग स्पष्ट होतो, तेवढ्यात यंत्र आपला नंबर छापून मोकळे होते. नंतर एका मुलीने डोळ्यांवर चौकट चढवून त्यात एकामागून एक भिंगे घातली आणि ‘हे बरं की आधीचं?’ असे विचारीत तो नंबर पक्का केला. खरी तपासणी ती हीच. दूरची दृष्टी निर्दोष, जवळच्यासाठी अधिक सव्वा. ज्याला पूर्वीचे लोक चाळिशीचा साधा चष्मा म्हणत, तेवढेच माझे दुखणे निघाले.

फ्रेम चौदाशे रुपयांची पसंत केली. काचा किती, असे विचारले. समोरचा तरुण मोठा नम्र होता. म्हणाला, “साध्या काचा सहाशेला आहेत सर. पण आपण साध्या नको टाकूया.”

वाचकहो, मी गेली वीस वर्षे मराठी शिकवतो. या वाक्याने माझे डोळे नाही, पण कान एकदम उघडले. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद मराठीचे एक वैभव आहे. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. इंग्रजीला बिचारीला हा भेद एका शब्दात करता येत नाही. हा तरुण कोणत्याही व्याकरणाच्या प्राध्यापकापेक्षा तो भेद अचूक जाणत होता. “आपण पातळ काच घेऊया, बावीसशे जास्त. आपण चकाकी न येणारं कोटिंग करूया, आठशे. कॉम्प्युटर, मोबाइल बघता ना? मग ब्लू कट टाकूनच टाकूया, नऊशे. ओरखड्यांसाठी तीनशे, अतिनील किरणांसाठी अडीचशे, पाणी आणि धूळ न चिकटणारं चारशे. घर आणि पुसायचं किट दोनशे. आणि वर्षभराचं संरक्षण फक्त पाचशे.” घेणारे ‘आपण’ दोघे होतो, पैसे देणारा मात्र ‘मी’ एकटाच. दोन हजारांचा चष्मा साडेसात हजार पन्नास रुपयांचा झाला, आणि तो होताना एकदाही ‘घ्या’ हे आज्ञार्थी रूप वापरले गेले नाही. ‘टाकणे’ या साहाय्यक क्रियापदाची तर मला नव्याने ओळख पटली. ‘करून टाकूया’ म्हटले की विचार करायला काही शिल्लकच राहात नाही. ते काम जणू झालेच!

पण या व्यवहारातला सर्वांत चतुर शब्द ‘साधी’ हा. साधे वरण, साधी राहणी, साधा माणूस हे आपल्याकडे आजवर स्तुतीचे प्रयोग होते. त्या काउंटरवर मात्र ‘साधी काच’ हे शब्द असे उच्चारले गेले की मागणाऱ्याला आपण आपल्याच डोळ्यांशी काही दुजाभाव करतो आहोत असे वाटावे. मागाहून एक वाक्य ठेवलेले असतेच : “शेवटी डोळ्यांचा प्रश्न आहे सर.”

डोळ्यांचाच प्रश्न असल्यामुळे मी एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागलो. आमच्या धंद्यात विद्यार्थ्यांचे अंश-अंश गुण मोजायची सवय लागते, ती उपयोगी पडली. पातळ काच ही खरी गोष्ट आहे. ज्याचा नंबर उणे सहा किंवा आठ असतो, त्याच्या साध्या काचा कडेला जाड होतात; त्याला ती काच वरदान आहे. सव्वाच्या भिंगात मात्र पातळ आणि साध्या काचेच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. शिवाय या पातळ काचा साध्या काचेपेक्षा प्रकाश अधिक परावर्तित करतात. म्हणजे बावीसशे देऊन पातळपणा घ्यावा आणि त्याने वाढवलेली चकाकी घालवायला आणखी आठशे द्यावेत!

चकाकी घालवणारे कोटिंग तेवढे मला पटले. साध्या प्लॅस्टिकच्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, दोन्ही मिळून ८. दिव्यांखाली वाचताना किंवा रात्री समोरून गाड्या येताना हे जाणवते. ते मी घेतले. ते घेतल्यावर कळले की असे कोटिंग केलेल्या काचेवर ओरखडे रोखणारा थर त्या दुकानात आधीच दिलेला असतो. तीनशे रुपयांचा तो निराळा आकडा मग कशाचा, या प्रश्नावर तरुण हसला आणि त्याने तो खोडला. अतिनील किरणांचेही तसेच. काही भिंगे, विशेषतः पॉलिकार्बोनेटची, ते किरण मुळातच अडवतात. त्यासाठी वेगळे पैसे मोजणे म्हणजे छत्रीबरोबर ‘पाऊस-रोधक’ म्हणून निराळी रक्कम देणे.

राहिला तो निळा प्रकाश. मोबाइलच्या पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाची भीती हल्ली घरोघर पोचली आहे. आकाशाकडून येणारा निळा प्रकाश त्याच्या कितीतरी पट असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली अशा काचांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा घेतला, आणि साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे त्यात, निदान अल्पावधीत तरी, दिसले नाही. पडद्याकडे पाहताना डोळे शिणतात ते बरेचसे आपण पापणी मिटायला विसरतो म्हणून. पापणी मिटण्याचे नऊशे रुपये पडत नाहीत. २०१७ साली ब्रिटनमध्ये चष्म्याच्या एका मोठ्या साखळीला याच निळ्या प्रकाशाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिथल्या नियामक परिषदेने ४० हजार पौंडांचा दंड केला होता.

दुकानदाराचीही बाजू आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या जागेचे भाडे, यंत्राची किंमत, त्या मुलीची पंधरा मिनिटे आणि तिचे शिक्षण यांतले काहीच मोफत नसते. पाटीवर मोफत लिहिलेली तपासणी कुठेतरी वसूल व्हावीच लागते, आणि ती कोटिंगच्या आठ नावांत वाटली जाते. त्यापेक्षा ‘तपासणी दोनशे रुपये’ अशी पाटी लावली, तर निदान आपण कशाचे पैसे देतो हे कळेल आणि नंबरचा कागद खिशात घालून ताठ मानेने बाहेर पडता येईल. ब्रिटनमध्ये तपासणी झाल्याबरोबर हा कागद गिऱ्हाइकाच्या हाती दिलाच पाहिजे असा कायदा आहे. अमेरिकेत असा नियम १९७८ पासून आहे. आपल्याकडे तो मागून घ्यावा. त्याबरोबर दोन्ही बाहुल्यांमधले अंतर किती मिलिमीटर तेही लिहून घ्यावे. चष्मा दुसरीकडे करायचा तर त्यावाचून अडते.

आणखी एक. फुगा दाखवणारे यंत्र नंबर सांगते, आजार सांगत नाही. काचबिंदू बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तो कडेकडेची दृष्टी गुपचूप नेतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहाने पडद्यावर होणारे परिणामही सुरुवातीला जाणवत नाहीत. चाळिशी लागली की एकदा नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा. डोळ्यांचा प्रश्न तो हा, आणि वर्षभराच्या पाचशे रुपयांच्या संरक्षणात तो येत नाही.

माझे बिल अखेर २८०० रुपयांवर येऊन थांबले. तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीतून ओळखीचा आवाज आला. आमच्या आळीत ब्लाउज शिवणाऱ्या मावशी होत्या. त्यांना सुई ओवता येईना आणि काळ्या कापडावरची काळी टीप दिसेना, म्हणून त्या आल्या होत्या. दिवाळी महिन्यावर होती. दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे शिवणकाम करणाऱ्याची वर्षाची सुगी. त्यांनी सर्वांत स्वस्त चष्मा मागितला होता, आणि दुसरा एक तरुण त्यांना तितक्याच नम्रपणे सांगत होता, “मावशी, स्वस्तातल्या काचांनी नंबर वाढतो बघा. मग नंतर ऑपरेशनची वेळ येते.”

मावशींचा चेहरा उतरला. “घरात विचारून येते,” असे म्हणून त्या उठल्या. पैसे नसलेला माणूस दुकानातून बाहेर पडताना हेच म्हणतो.

माझ्याजवळ जे बोलले गेले ती विक्री होती. मावशींजवळ जे बोलले गेले ते भय होते. वाचण्याचा नंबर वाढतो तो वयाबरोबर. बरोबर नंबरच्या साध्या काचेने तो वाढत नाही आणि न वापरल्याने थांबतही नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या पाने खुडणाऱ्या कामगारांना जवळचे चष्मे देऊन एक चाचणी झाली. २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत चष्मा मिळालेल्यांचे काम सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले होते. तेही चष्मे साधेच होते. सरकारनेही सप्टेंबर २०२५ मध्ये नंबरच्या चष्म्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आणला, तो चष्मा ही चैन नव्हे म्हणूनच.

मी त्या तरुणाला इतकेच म्हणालो, “बाळ, नंबर वाढण्याचं कारण तू आत्ता सांगितलंस, ते जरा कागदावर लिहून सहीनिशी देशील का?” तो गप्प झाला. आमची सौभाग्यवती मात्र माझ्यासारखी वाक्यात अडकत नाही. ती केव्हाच उठून पायऱ्यांवर मावशींना गाठून उभी होती. “मावशी, उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. धर्मादाय दवाखान्यात डोळे नीट तपासून कागद घेऊ, आणि चष्मा पेठेतल्या छोट्या दुकानात करू.”

“वहिनी, पण साध्या काचेनं डोळे जातात म्हणे?”

“माझ्या आईचे ऐंशीपर्यंत गेले नाहीत. साध्या काचेनंच रोज पोथी वाचायची.”

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. डोळ्यांचा दाब ठीक निघाला, नंबर दीडचा निघाला आणि चष्मा साडेतीनशे रुपयांत झाला. फ्रेम तपकिरी, काड्या जाड, घर निळ्या रेक्झिनचे. तो डोळ्यांवर चढवून मावशींनी पहिल्यांदा काय पाहिले असेल, तर स्वतःनेच गेल्या आठवड्यात शिवलेले एक ब्लाउज. तिथल्या तिथे त्यांनी त्याची एक बाही उसवली. “अगं बाई, ही टीप किती वाकडी गेलीय!” म्हणाल्या, आणि पुन्हा घालायला बसल्या.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या दारावरून जात होतो. रात्रीचे दहा वाजून गेले होते, आणि मशीन चालू होते. बाजूला कपड्यांचा ढीग होता. मावशी सुईत दोरा ओवीत होत्या. एकदा ओवला, खेचून पाहिला, आणि मला पाहून चष्म्यावरून नजर टाकीत म्हणाल्या, “सर, वहिनींना सांगा, धनत्रयोदशीच्या आत देते.”