एका गाण्यापुरता गळा

डिसेंबर उजाडला की डोंबिवलीत शाळांची स्नेहसंमेलनं सुरू होतात आणि कुठल्या ना कुठल्या मंडपातून ते गाणं ऐकू येतंच: ‘पप्पा सांगा कुणाचे’. स्टेजवर पुठ्ठ्याचं घर. काजळानं मिशी काढलेला दुसरीतला पप्पा, बाबांचा शर्ट त्याच्या गुडघ्यापर्यंत आलेला. साडी सावरता सावरता पावलं विसरलेली मम्मी. खाली पालकांचे मोबाइल वर. साउंडवाल्यानं मूळ गाणंच लावलेलं असतं, त्यामुळे मुलं चुकली तरी गाणं थांबत नाही. गदिमांचे शब्द, सी. रामचंद्रांची चाल, प्रमिला दातार आणि राणी वर्मा यांचे आवाज. पाचवं नाव निवेदनात हमखास गळतं. ते अरुण सरनाईकांचं.

नीट कान दिला तर कळतं, गळा गाणाऱ्याचा आहे पण गाणं मिरवत नाही. घरात मुलांशी बोलता बोलता सूर लागावा, तसा तो लागतो. एखादी जागा घ्यावीशी वाटेल अशा वळणावर सरनाईक साधेपणानं पुढं जातात, कारण आता मुलांचा आवाज यायचा आहे. बापानं मागं सरकायचं आणि पोरांना पुढं करायचं, हे त्यांनी नुसत्या आवाजानं केलंय. ज्याच्या घरात गाणंच गाणं होतं त्या माणसानं ते करावं, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

कारण ते घर साधं नव्हतं. वडील शंकरराव सरनाईक, यशवंत नाटक मंडळीचे मालक आणि गायकनट. ‘महाराष्ट्र कोकिळ’ ही त्यांची पदवी. त्याच घरातले निवृत्तीबुवा सरनाईक, जयपूर-अत्रौली घराण्याचे नामवंत गवई. संगीत नाटकाच्या त्या काळात गाणारा आणि नट असे दोन वेगळे इसम नसत. रंगमंचावर उभा राहिलेला माणूस संवादही म्हणे, पदही म्हणे आणि ‘वन्स मोअर’ आला तर तेच पद पुन्हा नव्यानं गाई. चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा ही कल्पना त्या प्रेक्षकांना कुणी सांगितली असती तर त्यांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

अरुण सरनाईक कोल्हापुरात जन्मले ते 1935 साली. त्याच वर्षी कोलकात्यात नितीन बोस यांनी ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायनाची पद्धत आणली. योगायोग आहे, त्यातून नियतीबियती काढायची नाही. पण या माणसाची सगळी कारकीर्द त्या एका गोष्टीनं ठरली असं मला वाटत आलंय. गायकनटाच्या घरी गायकनट जन्माला आला आणि तोवर गायकनट हा व्यवसायच मोडीत निघायला लागला होता. तिकडे लखनौत 1940 मध्ये जन्मलेला क्लिफ रिचर्ड विलायतेत जाऊन पॉप गायक झाला, सिनेमात नायक झाला आणि पडद्यावरही स्वतःच्याच गळ्यानं गायला. तिथं गाण्यानं नट मिळवून दिला. आपल्याकडे नटानं ओठ हलवायचे आणि गळा स्टुडिओत आधीच येऊन गेलेला असायचा.

सरनाईकांनी ते निमूट केलं. तक्रार करावी असा त्यांचा चेहराच नव्हता. ‘रंगल्या रात्री अशा’ (1962), ‘सवाल माझा ऐका’ (1964), ‘केला इशारा जाता जाता’ (1965), ‘एक गाव बारा भानगडी’ (1968). तमाशापटांचा भर होता, अनंत माने जोरात होते, आणि फेटा बांधलेला, मिशीत हसणारा हा उमदा गडी त्या काळात मराठी नायकाचं दुसरं नाव झाला. रंगभूमीही सुटली नव्हती. ‘अपराध मीच केला’ ऐन जोरात होतं. यातलं सगळंच आज बघवतं असं नाही. काही चित्रपट केवळ लावणीसाठी सहन करावे लागतात. पण सरनाईक फ्रेममध्ये आले की एक गोष्ट होते: समोरच्याचं गाणं चालू असताना ते ऐकतात. डोळ्यांनी समेची वाट बघतात. सम आली की खांदा जरासा सैल पडतो. लावणी दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा, आणि ऐकणारा मात्र खरा. हे शिकवून येत नाही, ते घरातून येतं.

आमच्या गावाशी त्यांचं नातं जुळतं ते 1970 मध्ये, आणि तेही दुहेरी. राजा ठाकुरांनी त्या साली दोन चित्रपट दिले, ‘मुंबईचा जावई’ आणि ‘घरकुल’. ‘मुंबईचा जावई’त चाळीतली अपुरी जागा, भरलेलं घर, आणि नव्या नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला आडोसा नाही. ‘का रे दुरावा’ हे गाणं त्या अडचणीतून येतं. पुढं बासू चटर्जींनी याच गोष्टीवरून ‘पिया का घर’ (1972) केला. मुंबईतल्या चाळींतून त्या काळात हजारो जोडपी हाच आडोसा शोधत रेल्वेनं वर सरकली आणि आमच्या डोंबिवलीत येऊन दीड-दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये स्थिरावली. सोसायटीच्या मीटिंगांत भांडणारे कित्येक आजोबा म्हणजे त्या चित्रपटातले नायकच आहेत, फक्त फेऱ्या 8.12 च्या फास्टनं करून करून केस गेलेले.

आणि ‘घरकुल’ची पटकथा तर शन्नांची. शं. ना. नवरे, पक्के डोंबिवलीकर, सचिवालयातली नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून लिहिणारे. मध्यमवर्गीय घरातला एक अवघड क्षण पकडायचा आणि आवाज न चढवता उलगडायचा, ही शन्नांची रीत. त्या रीतीला सरनाईकांइतका जुळणारा नट दुसरा नसावा. फेटा उतरवून शर्ट-पँट घातली की त्यांच्यात आपल्या मजल्यावरचा माणूस दिसायचा. नेमक्या याच चित्रपटात कुणाला तरी सुचलं की गाणंही त्यांनाच गाऊ द्यावं. चेहरा आणि गळा पुन्हा एका माणसाचा झाला, शंकररावांच्या वेळी असायचा तसा, पण नाट्यपदासाठी नाही, तर आईबापांनी मुलांबरोबर म्हणायच्या गाण्यासाठी. कोकिळ पदवीच्या बापाच्या मुलाला लोकांनी लक्षात ठेवलं ते या गाण्यानं. मला यात अन्याय दिसत नाही. मात्र त्यानंतर त्यांना पुन्हा पुन्हा गायला का बसवलं नाही, हा प्रश्न सुटत नाही.

1979 मध्ये ‘सिंहासन’ आला. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणून तमाशापटांतला नायक, समोर अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणून डॉ. लागू, आणि सगळं बघत फिरणारा निळू फुल्यांचा दिगू टिपणीस. भूमिका ऐकून कपाळाला आठ्या घालणारेही असतील. पण पडद्यावर काय झालं ते बघा. लागू आवाजानं दृश्य ताब्यात घेतात. सरनाईक आवाज खाली आणतात. फोन कानाला लावलेला मुख्यमंत्री फार बोलत नाही, ऐकतो. पलीकडचा माणूस बोलत सुटतो, उघडा पडत जातो, आणि जिवाजीराव योग्य जागी एकच वाक्य टाकतात. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्याची सम हेरली, त्यानं इथं दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेची हेरली. चेहऱ्यावर कुठंही खलनायकी नाही. हसू तर जवळजवळ मायाळू. राजकारणी माणूस रंगवताना आपले नट हातवारे करतात, घसे बसवून घेतात. सरनाईकांनी खुर्चीत नीट बसून तो उभा केला. मराठी पडद्यावर मुख्यमंत्री बरेच झाले. अस्सल अजून हाच वाटतो.

त्या वेळी वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस. म्हणजे खरी नटगिरी आता सुरू व्हायची होती.

अरुणराव, पुढचं तुम्हालाच सांगतो. 21 जून 1984. आळंदी-देहूच्या पालख्यांचे दिवस. ‘पंढरीची वारी’च्या चित्रीकरणासाठी तुम्ही कोल्हापूरहून पुण्याकडे निघाला होतात आणि पुण्याजवळ मोटारीला अपघात झाला. तुम्ही, पत्नी आणि मुलगा, तिघंही त्यात गेलात. मागे राहिली ती मुलगी. त्या गाण्याचा आणि त्या रस्त्याचा संबंध लोक जोडतात, डोळे पुसतात. मी जोडत नाही. गाणं घरातलं आहे, ते घरातच राहू दे. तुमची भूमिका पुढं बाळ धुरींनी केली आणि 1988 साली चित्रपट आला. आषाढी जवळ आली की टीव्हीवर तो लागतो. धुरी चांगलेच आहेत. पण तुम्ही वारीत चालताना कसे दिसला असता, हे माझं मन उगाच बघत राहतं. विठोबाचं नाव घेताना आवाज कुठं लावला असतात, शंकररावांचा की ‘घरकुल’मधला.

पन्नाशीही गाठली नव्हतीत. नंतरच्या वर्षांत मराठीत टीव्ही मालिका आल्या, म्हाताऱ्या बापांच्या, सासऱ्यांच्या, निवृत्त मास्तरांच्या भूमिका आल्या आणि त्या दुसऱ्या कुणी कुणी केल्या. शन्नांनी तर पुढंही वर्षानुवर्षं लिहिलं, ‘कळत नकळत’ लिहिला, ते 2013 पर्यंत आमच्यात होते. त्यांच्या एखाद्या नाटकातला साठीचा गृहस्थ तुम्ही सावित्रीबाई फुले कलामंदिरात उभा केला असतात आणि मध्यंतरात आम्ही बटाटेवडा खात म्हटलं असतं, ‘सरनाईक अजून गातात का हो?’

2035 साली तुमची शताब्दी येईल. तेव्हा गावात काहीतरी होईलच. डोंबिवलीत होत नाही असा कार्यक्रम अजून निघायचा आहे. शाल, श्रीफळ, नगरसेवकांचं भाषण आणि ट्रॅकवर गाणारे हौशी गायक. माझी मागणी लहान आहे. भाषणं वगळा, पडदा लावा, ‘घरकुल’ दाखवा. गाणं आलं की अख्खं थिएटर म्हणायला लागेल, त्याला इलाज नाही. निदान पाटीवर नावं लिहिताना पाचवं नाव पहिलं लिहा.