आजीची ओवी आणि माझी बी.ए.

किकवीत आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. रात्रभर ट्रकांचा आवाज असतो. शिरवळच्या कंपनीतली दुसरी शिफ्ट करून मी उशिरा घरी यायचे, जेवायचे आणि गच्चीवर जाऊन मोबाईलवर बी.ए.चं पुस्तक उघडायचे. खाली रेंज धड येत नाही. बाबांच्या आजारपणात कॉलेज सुटलेलं. तीन वर्षांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. विषय मराठी.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. माझ्यापुरता त्याचा अर्थ साधा होता. पगार न सोडता, इंग्रजीला न घाबरता शिकता येत होतं.

तरी लाज वाटायचीच. एका मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मुक्त म्हणजे घरबसल्या ना? आणि मराठी घेऊन करणार काय?" मी नुसती हसले. उत्तर नव्हतंच माझ्याकडे.

मग अभ्यासात लोकसाहित्य आलं. ओवीची व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्यं. एका सुट्टीच्या दिवशी मी ओट्यावर बसून मोठ्यानं पाठ करत होते. आजी शेंगा फोडत होती.

"काय घोकतीस गं?"

"ओवी म्हणजे काय, ते."

आजी तोंडाला पदर लावून हसत सुटली. "आन् ते पुस्तकात बघून?"

त्या रात्री मी नेटवर ओव्या शोधल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी मुळशीच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून, गावोगावच्या बायकांच्या मदतीनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. एक लाखाहून जास्त! २०१७पासून 'पारी' ही वेबसाइट त्या ऐकवतेय. दुसऱ्या दिवशी मोबाईल आजीच्या कानाला लावला. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, गुंजवणीच्या खोऱ्यातलं. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "ह्ये तर आमचंच हाय. कोन म्हनतंय?"

"तू म्हण की. मी रेकॉर्ड करते."

तिनं दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा अडकली. "आसं बसून न्हाई येत. हात फिरल्याबिगर गळा फिरत न्हाई."

हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

गावात गिरणी आल्यापासून आमचं जातं निकामी झालेलं. वरचा दगड न्हाणीपाशी होता, त्यावर आई कपडे आपटायची. मी आणि भावानं तो घासून पुसून खालच्या दगडावर चढवला, बाभळीचा नवा खुंटा ठोकला. आजीनं मूठभर ज्वारी टाकली. तळ्या गुळगुळीत झालेल्या, पीठ काही पडेना. पण दगड फिरायला लागला आणि आजीचा आवाज उघडला. सासर, भाऊ, पंढरपूर, लहानपणीच गेलेली तिची एक मुलगी. त्या मुलीबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. आई दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर मला 'ज्ञानगंगा घरोघरी' वेगळं ऐकू येऊ लागलं. ही गंगा आमच्या घरापर्यंत आली, याचे उपकार मी विसरणार नाही. ती आली म्हणून तर मी जात्याकडे वळून पाहिलं. पण आमच्या घरातही पाणी होतं, आणि ते उलट दिशेनं विद्यापीठापर्यंत जायला हवं. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८४ साली 'ते वानांगा ओ आओतेआरोआ' ही संस्था सुरू केली. वानांगा म्हणजे त्यांच्या परंपरेतली शिकण्याची जागा. तिथं माओरी भाषा घरून, दूरस्थ पद्धतीनंही शिकता येते. आपल्याकडे पदवी मराठीत मिळते, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या मराठीत माझ्या आजीची मराठी किती? 'हाय' आणि 'न्हाई' म्हणणारी मराठी मी शाळेतच टाकून दिली होती, चुकीची म्हणून. आजीचं रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला बसले, तेव्हा तिचे कितीतरी शब्द मला तिलाच विचारावे लागले.

परीक्षेत ओवीवर टीप आली. व्याख्या लिहिली, मग खाली आजीचं वाक्य लिहिलं, तिच्याच बोलीत, जसंच्या तसं. मार्क साधारणच पडले. त्या वाक्यामुळे वाढले की घटले, कळायला मार्ग नाही.

आता मोबाईलमध्ये आजीच्या त्रेचाळीस ओव्या आहेत. शेवटची तिनं तिथंच, जातं फिरवताना रचली. तिच्यात माझं नाव आहे, शिरवळची कंपनी आहे आणि रात्रीचा गच्चीवरचा उजेड आहे.

म्हणजे मी गच्चीवर असायचे, तेव्हा तीही जागीच असायची.