यंत्राचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे आमच्या घराला नवे नाही. आबांच्या धंद्यापायी आम्ही पंधरा वर्षांत चार घरे बदलली आणि प्रत्येक वेळी आईने पाट्यावरवंट्यापासून तुळशीच्या कुंडीपर्यंत सारा संसार जसाच्या तसा नव्या जागी नेऊन मांडला. मिठाची बरणी डाव्या हाताला म्हणजे डाव्याच हाताला! पण यंत्राचेही बिऱ्हाड असते, आणि तेही तितक्याच जपणुकीने हलवावे लागते, हे मात्र मला गेल्या दिवाळीच्या सुटीत कळले.

यंत्र म्हणजे आबांचा लॅपटॉप. २०१२ साली घेतलेला, अंगाने दणकट, विंडोज ७ वर चालणारा. त्या विंडोजची देखभाल तिच्या कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. तेव्हापासून आम्ही त्याला इंटरनेटचे वारेसुद्धा लागू दिलेले नाही. तालुक्याच्या गावी आबांचे डीटीपीचे दुकान होते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, दुकानांची बिलबुके, निवडणुकीची पत्रके, सारे काही याच यंत्रावर पेजमेकरमध्ये जुळवले गेले. आता दुकान नाही. लॅपटॉप घरी आला आहे आणि त्याच्यापाशी एकच काम उरले आहे: आजीच्या ओव्या.

आजीला लिहिता येत नव्हते. ती जात्यावर बसली की ओव्या येत, एरवी कितीही विनवा, आठवत नसत. म्हणून आबा तिच्यापुढे पसाभर जोंधळे ठेवून तिला दळायला बसवीत आणि शेजारी बसून उतरवून घेत. अशा दोनशे पानी पाच वह्या भरल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आम्हांला वर्गात सरांनी सांगितले, तेव्हा आमच्या पाच वह्या त्यापुढे ओंजळभरच आहेत हे मला उमगले. पण त्या ओंजळीत माझ्या पणजीचे माहेर आहे, आमच्या विहिरीचे पाणी आहे. आजी गेली. पाचांपैकी तीन वह्या आबांनी टाइप केल्या आहेत, दोन राहिल्या आहेत.

आणि सुटीत घरी गेलो तो लॅपटॉपच्या पोटातून टकटक ऐकू येऊ लागली. सुरू व्हायला तो सव्वातीन मिनिटे घेई. तेवढ्यात आईचा चहा होई. माझा एक मित्र शेजारच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकतो. त्याने एक तपासणी चालवली, पडद्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवले आणि डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घ्यावे तसे मला ओट्यावर नेऊन म्हणाला, “काही जागा वाचता येत नाहीयेत. ही डिस्क फार दिवस काढायची नाही.”

हार्ड डिस्क म्हणजे फिरत्या तबकड्यांचे यंत्र. आबांच्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४००, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. तिच्यावर, तिला न टेकता, वाचणारी सुई तरंगत असते. दोहोंतले अंतर काही नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक आणि साठवण सुमारे पन्नास लाख अक्षरांची. त्या मानाने हे तळहाताएवढे यंत्र इतकी वर्षे चालले हेच नवल.

“नवीन एसएसडी बसवू,” मित्र म्हणाला, “आणि सगळं पुसून, नवीन विंडोज घालून, कोरं करकरीत करून देतो. काका खूश होतील.”

काका मुळीच खूश झाले नाहीत. “आणि माझा फाँट?” त्यांनी विचारले.

इथे थोडे विषयांतर करावे लागेल, पण मराठीच्या विद्यार्थ्यांना ते परके वाटू नये. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमुळे. त्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो जगात कुठेही ‘क’च राहतो. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण ती छापखान्यात पोचायला फार वर्षे लागली. तोवर डीटीपीवाल्यांनी वेगळीच युक्ती चालवली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे: इथे अर्धा ‘त’, तिथे काना, पलीकडे रफार. यंत्राला वाटते आपण इंग्रजी साठवतो आहोत, डोळ्यांना दिसते मराठी. तो फाँट काढून घेतला की आजीची ओवी म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता उकिरडा!

कोणी म्हणेल, फाँटची फाइल उचलून नव्या घरी न्यावी. नेता येते, आणि वाचताही येते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनेही आहेत. मी एक वापरून पाहिले. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. ही अदलाबदल त्या साधनाला बरीच जमली, पण जोडाक्षरे मोडली आणि गावंढ्या शब्दांची तर दैना झाली. शिवाय खरा प्रश्न वाचण्याचा नव्हताच, तो लिहिण्याचा होता. आबांची बोटे त्या फाँटबरोबर आलेल्या कळफलकावर वीस वर्षे वळली आहेत. त्या संचाची सीडी कधीच हरवली. आबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. ते कळा बघून टाइप करत नाहीत, सवयीने करतात. नवा कळफलक त्यांच्यापुढे ठेवणे म्हणजे उरलेल्या दोन वह्या मिटून ठेवणे.

तेव्हा ठरले, काही पुसायचे नाही. विंडोज, पेजमेकर, फाँट, कळफलक, पत्रिका, ओव्या, सारे उचलून जसेच्या तसे न्यायचे. आईची पद्धत!

एसएसडी मामेभावाने मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणली. ४८० जीबीची स्वस्तात मिळत होती, पण मित्राने ५०० चाच हट्ट धरला. जुनी ५०० ची आहे. नवी वीतभर लहान असली तरी कपाट दारातून आत जात नाही, म्हणे. (५०० ची डिस्क विंडोज ४६५ दाखवते, यावरून आबांनी दुकानदाराला चोर ठरवले. दोष त्याचा नाही. विकणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने.) हातात घेतली तर काडेपेटीहून थोडी मोठी, वजन जवळजवळ नाहीच. आत काहीच फिरत नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडलेली ही फ्लॅश स्मृती: इलेक्ट्रॉन सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवायचे, वीज गेली तरी ते तिथेच राहतात.

“कायमचे?” आबांनी विचारले.

“नाही काका. प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. आणि वर्षानुवर्षे नुसती बंद ठेवली तर हळूहळू गळतात.”

“मग वह्या टाकायच्या नाहीत,” आबा आईला म्हणाले.

आधी ओव्यांची घडी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग नवी डिस्क यूएसबीच्या तारेने जोडून, दुसऱ्या पेनड्राइव्हवरून क्लोनझिला चालू केले. हे तैवानमध्ये तयार झालेले मोफत सॉफ्टवेअर. विंडोज झोपलेली असतानाच तिचे घर उचलायचे, म्हणजे एकही फाइल वापरात नसते. काळ्या पडद्यावर टक्के सरकू लागले. एकसष्टाव्या टक्क्याला टकटक वाढली आणि काम थांबले. एक जागा वाचता येत नव्हती.

मित्राने त्या सॉफ्टवेअरची एक खास आज्ञा देऊन पुन्हा सुरुवात केली: वाचता आले नाही तर तेवढे सोडून पुढे जा. मी विचारले, “सोडलेल्या जागी काय असेल?” तो म्हणाला, “हे फक्त भरलेल्या जागाच उचलतं. म्हणजे काहीतरी असणार.” ते पावणेतीन तास आम्ही तिघांनी पडद्याकडे पाहत काढले. आबा मधूनच उठून वह्यांवरची धूळ झटकीत. मला राहून राहून वाटे, ओव्यांची प्रत आपल्यापाशी आहे. पण गेलेला तुकडा त्या कळफलकाचाच असला तर?

चार स्क्रू काढून जुनी डिस्क बाहेर आली, नवी आत गेली. ती अडीच मिलिमीटर बारीक, म्हणून सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावली. कळ दाबली. बावीस सेकंदांत आबांचे नेहमीचे चित्र, आळंदीचा घाट, समोर! विंडोजने नव्या डिस्कची ओळख करून घेतली, एकदा पुन्हा सुरू करा म्हणाली, एवढेच. आबांनी पेजमेकर उघडून एक ओळ टाइप केली. मराठीच उमटली. मग रात्री उशिरापर्यंत आम्ही फायली एकेक उघडून पाहिल्या. ओव्यांच्या साऱ्या उघडल्या. एक मात्र काही केल्या उघडेना; २०१४ सालची एका लग्नाची पत्रिका. आई म्हणाली, “त्यांचा मोठा मुलगा आता चौथीत आहे, त्यांना पत्रिकेचं काय?”

आबांची तक्रार आता एकच आहे. पूर्वी आवाजावरून कळे की फाइल जतन झाली. आता हा काही बोलतच नाही. चौथी वही त्यांनी सुरू केली आहे. परवा फोनवर त्यांनी मला एक शब्द विचारला. वहीवर कधीतरी पाणी सांडले होते, शाई फुटली होती. पुढचामागचा चरण त्यांनी दोनदा वाचून दाखवला. आजी तिथे काय म्हणत असे, ते त्यांनाही आठवेना, मलाही नाही. मग त्यांनी त्या जागी तीन टिंबे टाकली आणि पुढची ओवी घेतली.