कडेवरचे दिवस

धुळ्याच्या बहिणीने दिलेले कुत्र्याचे पिल्लू आमच्या जळगावच्या घरी आले, तेव्हा ते जेमतेम ८ आठवड्यांचे होते. घरातील मंडळींना आनंद झाला. मला मात्र धास्ती वाटली. तिला कारण होते. आधीच्या पिल्लाला पहिली लस टोचताच मी निर्धास्त झालो आणि लगेच त्याला मेहरूण तलावाच्या काठी मोकळे सोडू लागलो. पुढच्याच आठवड्यात त्याने अन्न टाकले. उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली. तीन दिवसांत सारे आटोपले. “लस टोचली होती ना, बाबा?” या मुलीच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

ते पुढे पशुवैद्यांकडून मिळाले. पिल्लाला आईच्या चिकातून रोगप्रतिकाराची शिदोरी मिळते. पण तीच शिदोरी लसीलाही निकामी करते. ती सरत आली, की रोगाला अडविण्यास अपुरी पडते आणि लसीला अडविण्यास मात्र पुरून उरते! ही फट प्रत्येक पिल्लाची निराळ्या वेळी पडते. म्हणूनच १६ आठवडे पुरे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा टोचावयाची. पार्व्होचा विषाणू १९७८ साली ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो मातीत महिनेच्या महिने टिकतो, जोड्यांना चिकटून घरात येतो, आणि साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला पातळ केलेले ब्लीचच लागते.

हे ऐकून नव्या पिल्लाला कोंडूनच ठेवावे, असे मी ठरविले. पशुवैद्य हसले. म्हणाले, “याच वयात ते जग ओळखायला शिकते. आता कोंडाल, तर जन्मभर भित्रे राहील. जग दाखवा, फक्त जमिनीवर ठेवू नका.”

तेव्हापासून जोडे दाराबाहेर राहू लागले आणि पिल्लू माझ्या कडेवर! रिक्षांचे भोंगे, केळ्यांनी भरलेले ट्रक, शाळेतून सुटलेली पोरे, सारे त्याने तेथूनच पाहिले. एका भाजीवाल्याने विचारलेही, “भाऊ, याला पाय नाहीत का?”

शेवटची लस टोचली. पशुवैद्यांनी सांगितलेले दिवसही उलटले. मग एका सकाळी तलावाकाठी मी त्याला खाली ठेवले. त्याने माती हुंगली, एकवार मजकडे पाहिले आणि धूम ठोकली. मी मात्र हात तसाच कमरेशी वाकवून कितीतरी वेळ उभा होतो.