अप्पार्कच्या तळघरांत

इंग्लंडांत ससेक्स परगण्यांतील साउथ हार्टिंग या खेड्याच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, अप्पार्क नांवाचा सतराव्या शतकांतील वाडा आहे. येणारी बहुतेक मंडळी दिवाणखाने पाहून तृप्त होतात. आम्हीं मात्र खालीं तळघरांत अधिक वेळ काढला. येथें कारभारणीची खोली आहे. जवळच स्वयंपाकघराकडे व तबेल्याकडे जाणारीं भुयारें आहेत. चाकरांची ये-जा वरच्यांच्या दृष्टीस पडूं नये, अशी ही योजना!

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत चाकरांनीं काय वाचावें, याची चिंता यजमानांना फार असे. बायबल व प्रार्थनेचें पुस्तक हातीं दिसलें कीं समाधान. कादंबरी दिसली कीं मोलकरीण बिघडली! तरी १८४५ सालीं निघालेलें ‘लंडन जर्नल’ हें एका पेनीचें साप्ताहिक मोलकरणी आवडीनें वाचीत, आणि त्याबद्दल त्यांची टवाळीही होई. दिवसभर राबून रात्रीं मेणबत्तीच्या तुकड्यापाशीं बसणाऱ्या जिवानें प्रेमकथा वाचली, यांत मला तरी कांहीं वावगें दिसत नाहीं.

१८८० पासून १८९३ पर्यंत येथें सारा वेल्स ही कारभारीण होती. बाई भाविक, रोजनिशी लिहिणारी, राणीच्या बातम्या भक्तीनें वाचणारी. प्रसिद्ध ग्रंथकार एच्. जी. वेल्स हा तिचा मुलगा. १८८० च्या हिवाळ्यांत बर्फानें सर्वांना कोंडलें, तेव्हां या चौदा वर्षांच्या पोरानें स्वयंपाकघरांतील कागदावर ‘अप्पार्क अलार्मिस्ट’ नांवाचें दैनिक काढलें, आणि आईच्या खोलींत सावल्यांचें नाटक मोलकरणींना दाखविलें. वाड्यांतील जुन्या ग्रंथांतून प्लेटो, व्हॉल्टेअर व स्विफ्ट त्यानें येथेंच वाचले.

हें घडूं शकलें, यांत त्या घराच्या इतिहासाचाही वांटा असावा. १८२५ सालीं सत्तरी गांठलेल्या सर हॅरी फेदरस्टनहॉ या मालकानें दुग्धशाळेंतील मेरी ॲन बुलक हिच्याशीं विवाह केला, व शिक्षणासाठीं तिला पॅरिसलाही पाठविलें. १८७४ सालीं ती वारल्यावर तिची बहीण फ्रान्सिस मालकीण झाली. सारा हिचीच चाकर. परंतु ही सवलत मालकांच्या मर्जीची. चाकराचा हक्क नव्हे. १८९३ सालीं सारेला कामावरून काढण्यांत आलें, तेव्हां त्या खोलीबरोबर तेथील ग्रंथही तिच्या मुलाला दुरावले.

१९८९ सालीं वाड्यास भयंकर आग लागली. दुरुस्ती होऊन १९९५ सालीं तो पुन्हां खुला झाला. वरचे मजले जळाले, वेल्स जेथें निजे तो माळाही गेला. कारभारणीची खोली मात्र शाबूत आहे.