हातोडा खाली ठेवा, सर

अब्बांची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात उभी आहे. मॉडेल 1986. अब्बा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती मीच चालवतो. पुण्यात ती सिग्नलला थांबली की म्हातारी माणसं काच खाली करून विचारतात, "कुठलं साल?" गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याखाली ऑइलचा डाग पडू लागला. आधी रुपयाएवढा, मग ताटलीएवढा. 15 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. मुदत जवळ आली होती. थोरले भाऊ म्हणाले, "आता भंगारात दे. अब्बा काही त्या गाडीत बसलेले नाहीत."

मला ते लागलं. भाऊ चूक म्हणाले होते असंही नाही.

ही गाडी मुळात फियाट 1100. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. 1970 च्या दशकात फियाटचं नाव गेलं आणि 'पद्मिनी' आली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. इंजिन 1089 सीसीचं, साधं. इतकं साधं की मी, बी.एड. झालेला उर्दू-मराठीचा मास्तर, यूट्यूब बघून ते आपणच दुरुस्त करू असं समजून बसलो.

ऑइल पुढच्या सीलमधून गळत होतं. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणा. पिस्टनची वर-खाली धाव तो गोल फिरण्यात बदलतो. त्याचं पुढचं टोक इंजिनाबाहेर येतं, त्यावर हब आणि पंख्याच्या पट्ट्याची पुली घट्ट बसलेली असते. सील त्या हबच्या मागे. म्हणजे 100-150 रुपयांचं रबर बदलायचं तर आधी हब निघाला पाहिजे.

रेडिएटर उतरवला, पट्टा काढला. पुढचा मोठा नट, ज्याच्या खाचांत पूर्वी हँडल अडकवून गाडी चालू करायचे, तो लांब पाइप लावून सुटला. हब मात्र हलेना. दोन टॉमी लावून उचकटला, मग हातोडा घेतला. तिसऱ्या घावाला पुलीच्या कडेचा टवका उडाला. हब जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशीही तेच.

शेवटी नाना पेठेत गेलो. पुण्यात जुन्या गाडीचं काहीही हवं असलं की पाय तिकडेच वळतात. सील मिळालं. दुकानदाराने मागच्या गल्लीतल्या एका गॅरेजकडे बोट दाखवलं. तिथे गाडीखालून एक पोरगं सरपटत बाहेर आलं. हात काळे, मिसरूड नुकतं फुटलेलं.

"अस्सलामु अलैकुम, सर."

मी ओळखलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी नववीत माझ्या वर्गात होता. उर्दू बरं, मराठीत नापास. एकदा निबंधाची वही सगळ्यांसमोर उंच धरून मी म्हणालो होतो, "याचं डोकं गंजलंय." वर्ग हसला. तोही हसला. दहावीला तो आला नाही. घरची अडचण होती म्हणे. मी चौकशी केली नव्हती.

संध्याकाळी तो घरी आला. पुलीचा टवका बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हातोडा खाली ठेवा, सर. मार क्रँकला बसतो, आतल्या बेअरिंगला बसतो. हबला काय होत नाही."

मग त्याने मला शिकवलं. हब शाफ्टवर आधीच कसून बसलेला असतो. त्यात वर्षानुवर्षांचा गंज आणि जळकं ऑइल. तो एका बाजूने ओढला की तिरका होतो आणि जास्तच आवळतो. म्हणून ओढायचा तो सरळ, सगळीकडून सारखा. त्याने फटीत गंज सोडवणारं तेल सोडलं आणि पाने पुसून ठेवले. "आज एवढंच. रात्रभर मुरू दे."

चहा घेताना मी सवयीने मास्तरकी केली. म्हटलं, अल्-जझरी नावाचे एक उस्ताद होऊन गेले. 1206 मध्ये त्यांनी यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या पाणी उपसायच्या एका यंत्रात क्रँक आहे. त्याने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "अडकल्यावर काढायचा कसा, तेपण लिहिलंय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सकाळी तो पुलर घेऊन आला. नट दोन आटे परत लावला, शाफ्टच्या टोकाचे आटे खराब होऊ नयेत म्हणून. पुलरचे पाय पुलीच्या कडेला न लावता आतल्या हबला लावले. मधला बोल्ट ताणला आणि थांबला. मग गॅसच्या छोट्या बत्तीने हब फिरवून फिरवून शेकला. हब आधी तापतो आणि फुगतो, आतला शाफ्ट थंडच असतो. तेवढ्या वेळात काम करायचं. पेट्रोलची नळी त्याने आधीच काढून बाजूला केली होती, पाण्याची बादली जवळ होती. बोल्टला पाव फेरा, डोक्यावर हलकी टिचकी, थांबणं. पुन्हा पाव फेरा.

टक्.

उर्दूत गणित सोडवण्याला आम्ही 'हल करणं' म्हणतो. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ गाठ सोडणं. वीस वर्षं मी हा शब्द फळ्यावर लिहितोय.

शाफ्टमधली अर्धचंद्रासारखी चावी त्याने काढून माझ्या तळहातावर ठेवली. "हरवू नका." हबवर सील घासून पडलेली बारीक खाच त्याने नखाने तपासली. नवं सील किंचित पुढे बसवलं, म्हणजे ते कोऱ्या जागेवर टेकेल. पुली जुन्या बाजारातून आणली. हब परत बसवतानाही हातोडा नाही, नटानेच हळूहळू आत घेतला.

पैसे देताना मी विचारलं, "आयटीआय का करत नाहीस?"

"मोटार मेकॅनिकला दहावी लागते, सर."

सच्चर समितीचा 2006 चा अहवाल मी भाषणांत अनेकदा सांगितला आहे. आपल्या पोरांची शाळा सुटते, ती गॅरेजात जातात, वगैरे. त्या गळतीत माझ्या लाल पेनाचाही हात असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. मी म्हणालो, "त्या दिवशी वर्गात मी जे बोललो..." तो पाने गोळा करत होता. "कधी, सर?" त्याला आठवत नव्हतं की त्याने मला सोडून दिलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही 17 नंबरचा फॉर्म भरला. आता तो दर रविवारी जोहरनंतर येतो. पहिल्या रविवारी मी निबंधाचा विषय दिला नाही, अडकलेला हब कसा काढायचा ते लिही म्हटलं. त्याने पाऊण पान लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका. पण एकही पायरी चुकली नव्हती, आणि वाचून कुणीही हब काढू शकला असता. मी पेन्सिलने चुका दाखवल्या.

व्याकरण अजून कच्चं आहे, परीक्षा मार्चमध्ये आहे. भाऊ अधूनमधून विचारतात, गाडीचं काय ठरलं? मी खाली वाकून बघतो. फरशी कोरडी आहे.